बारशाआधी गेलेलं बाळ

"लळा लागायच्या आत गेलं, एका अर्थी बरंच झालं म्हणायचं." जन्मून चार-आठ दिवसांत बाळ गेलेल्या बाईला आपल्याकडे हे वाक्य ऐकावं लागतंच. म्हणणारी माणसं दुष्ट नसतात हो, मायेनेच म्हणतात, येताना डब्यात गरम मऊभात घेऊन आलेली असतात. मग त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य, तरुण आहात, वर्षभरात दुसरं होईल. आणि निघताना दारात, हळू आवाजात, सासूला नाहीतर आईला तिसरं, आता तिच्यासमोर हा विषय काढू नका.

मला ह्या तिसऱ्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. आणि ते आता फक्त घरातल्या लोकांचं राहिलेलं नाही, ते दवाखान्याचं झालंय, ऑफिसचं झालंय, सरकारी फॉर्मचं पण झालंय. गेलेल्या बाळाला आठवायचं की नाही, किती आठवायचं, कसं आठवायचं हे त्या घराने ठरवावं, त्यात बाहेरच्यांनी पडू नये हे कबूल, पण आपण सगळ्यांनी मिळून व्यवस्थाच अशी करून ठेवलीय की आठवायला त्या घराच्या हातात काही उरतच नाही. नाव नाही, फोटो नाही, जागा नाही, रजा नाही, आणि कुणी विचारणारंही नाही.

लळ्याचं आधी सांगते. ते तर मुळातच खोटं आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवणाला झोपाळ्यात बसवून चंद्राच्या कोरीवर बसवून फोटो काढले, झाकलेल्या वाट्या पुढे करून पेढा की बर्फी करून झालं, सोनोग्राफीच्या खोलीत ठोके ऐकले, रात्री दोन वाजता ज्याने आतून लाथा मारून उठवलं त्या बाळाचा लळा लागायला बारसं व्हावं लागतं हे कुणी ठरवलं? बारसं आपल्यासाठी असतं, पाहुण्यांसाठी. आईचं तोवर सगळं होऊन गेलेलं असतं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. कल्याणची यमुना, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला, धड औषधोपचार मिळाले नाहीत, मग तिने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं, 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून एमडी झाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेली, बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. ह्या गोष्टीत ते बाळ एका वाक्यापुरतं येतं, पुढच्या प्रसंगाला कारण पुरवतं आणि संपतं. तिची रक्षा अमेरिकेत तिला आधार देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाकडे गेली, त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आपल्या घरच्या दफनाच्या जागेत तिला जागा दिली, दगड आहे, मराठी माणसं तिथे जाऊन येतात. मुलाबद्दल धड्यातून आपल्याला कळतं ते एवढंच की तो दहा दिवस होता. गोपाळरावांचा हट्ट होताच तिच्या शिक्षणामागे, तो नाकारायचं कारण नाही, पण ही मुलगी एमडीसाठी प्रबंधाला विषय कुठला घेते तर प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! दहा दिवसांच्या बाळाचा लळा लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी ह्याचा जरा विचार करावा.

आता लोक म्हणतात आपली परंपराच तशी आहे, लहान बाळाचं काही करत नाहीत. खरंय, करत नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीत सुतक किती धरायचं ह्याचा हिशोबच दिलेला आहे, दात यायच्या आधी मूल गेलं तर लगेच शुद्धी, जावळ व्हायच्या आधी गेलं तर एक रात्र, मुंजीच्या आधी तीन रात्री आणि त्यापुढे दहा. मनुस्मृती सांगते दोन वर्षांच्या आतलं मूल गावाबाहेर नेऊन पुरा, अग्नी नको, पाणी नको, रानात लाकूड टाकावं तसं ठेवून या. (त्याच्याच आधीच्या श्लोकात मात्र सजवून न्या आणि स्वच्छ जागी पुरा असंही आहे, ते कुणी सांगत नाही.) वाचताना अंगावर येतं, पण ज्या काळात हे लिहिलं त्या काळाकडे बघितलं तर त्यात मला क्रूरपणापेक्षा नाइलाज जास्त दिसतो. अगदी अलीकडचं बघा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार बाळांमधली दोनशेच्या वर पहिल्या वाढदिवसाआधी जायची. प्रत्येकाचं दहा दिवस सुतक धरायचं म्हटलं तर शेताची कामं, घरची लग्नं, सगळंच थांबलं असतं.

पण परंपरेने विसरायला सांगितलं म्हणून बायका विसरल्या का? माझ्या आजीला कुणी विचारलं किती मुलं तुम्हाला, तर ती म्हणायची आठ झाली, पाच आहेत. दर वेळी असंच, आकडा कधी पाच म्हणून आला नाही. तुमच्याही घरात असं बोलणारी म्हातारी असेल, नसेल तर होती. आणि नावं बघा जुन्या पिढीतली, दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू. वरची दोन-तीन गेली की पुढच्याला मुद्दाम असं ओंगळ नाव ठेवायचं म्हणजे सटवाईची नजर जाणार नाही, कुणाची दृष्ट लागणार नाही, काही घरात नाक टोचायचे मुलाचं. म्हणजे तो दगडू सत्तर वर्षांचा होऊन मरेपर्यंत त्याला हाक मारताना प्रत्येक वेळी घराला माहीत असायचं की ह्याच्या आधी कुणीतरी होतं. त्याला विसरणं म्हणता येईल का?

आणि मुख्य मुद्दा माझा इथे आहे. त्या काळात बोलायची गरज नव्हती कारण सगळ्यांचंच झालेलं असायचं. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायकांमधे जिचं एकही मूल गेलं नाही अशी शोधावी लागली असती. बाळ गेलेली बाई परत पाणी भरायला आली की कुणी काही न बोलता तिची घागर उचलून द्यायचं आणि एवढ्यात सगळं बोलून व्हायचं. ती शांतता सगळ्यांची मिळून होती. आता 1971 साली देशात हजारामागे 129 असलेला बालमृत्यू दर 2020 च्या सॅम्पल रजिस्ट्रेशन ह्या सरकारी नमुना नोंदणीच्या आकडेवारीत 28 वर आलाय, महाराष्ट्रात तर 16, आणि त्यातले पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 11. फारच चांगली गोष्ट आहे, ह्याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही. पण ह्याचा दुसरा अर्थ असा की आज जिचं बाळ जातं ती तिच्या बिल्डिंगमधली एकटी असते, तिच्या ऑफिसमधली एकटी, शाळेच्या ग्रुपमधली एकटी, बाकी सगळ्यांच्या स्टेटसला बारशाचे फुगे. आणि तिला मात्र आपण नियम तोच जुना लावलाय, बोलू नका. जेव्हा सगळ्या गप्प होत्या तेव्हा तो आधार होता, आता एकटीलाच गप्प बसवलंय.

दवाखान्यात काय होतं ते बघू. माझ्या मावसबहिणीची डिलिव्हरी तालुक्याच्या गावी, सिझर, दिवस भरायच्या बरंच आधी. बाळाला श्वासाचा त्रास म्हणून ताबडतोब जिल्ह्याला हलवलं, नवरा आणि दीर अ‍ॅम्ब्युलन्समधे, ही इकडे टाके घालून पडलेली. तिने बाळाचा आवाज ऐकला, बाळ बघितलं नाही. चौथ्या दिवशी तिकडे गेलं. तिकडच्या तिकडे स्मशानात लहान मुलांच्या बाजूला पुरून, वर मीठ टाकून दोघे अंघोळ करून परत आले आणि तिला संध्याकाळी सांगितलं, कारण आधी सांगितलं तर ती बघायचा हट्ट धरेल आणि टाके ताजे आहेत असं घरच्या मोठ्यांचं म्हणणं पडलं. नवऱ्याच्या मोबाईलमधे काचेतून काढलेले दोन फोटो होते, ते पण डिलीट कर म्हणून त्याच्या मागे लागले होते सगळे. त्याने केले नाहीत, दुसऱ्याच कुठल्या फोल्डरमधे टाकून ठेवले आणि खोटं सांगितलं की केले. बऱ्याच महिन्यांनी तिला दाखवले. आज तिच्याकडे तिच्या पहिल्या मुलाचं जे काही आहे ते एवढंच आहे, आणि तेही नवरा खोटं बोलला म्हणून आहे.

हे एकाच घराचं नाही, तालुक्याला बाळंतीण आणि जिल्ह्याला बाळ ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची रोजची रचना आहे, कारण नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग मोठ्या दवाखान्यांत असतात, ते सगळीकडे काढता येणार नाहीत हे समजू शकतं. पण आईला व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवायला काय लागतं? बाळ जाणार हे डॉक्टरांना दिसत असेल तर आईला त्याच अ‍ॅम्ब्युलन्सने आणायची सोय का नसावी? केंद्र सरकारने 2017 साली मार्गदर्शक सूचना काढल्या की आजारी नवजात बाळाच्या देखभालीत आईवडिलांना आत घ्यावं, हात कसे धुवायचे, बाळ कसं हाताळायचं ते शिकवावं. बाळ बरं व्हायला मदत होते म्हणून. मग जे बरं होणार नाहीये त्याच्या आईलाही आत येऊ द्या की, तिला तर तेवढाच वेळ आहे.

आत बाळाची ओळख काय असते माहितीये ना, बेबी ऑफ अमुकतमुक. पायाला टॅग, टॅगवर आईचं नाव. जिवंत घरी जाणाऱ्या बाळाचा तो टॅग लोक हौसेने जपून ठेवतात, जे जातं त्याचा टॅग कचऱ्यात. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात विभागाला आग लागली, 10 बाळं गेली. देशभर बातम्या, नेते येऊन गेले, पाच लाखांची मदत जाहीर झाली, फायर ऑडिटची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. आज कुणालाही विचारा त्या घटनेबद्दल काय आठवतं, तर दहा हा आकडा आठवतो. मोठी माणसं गेली असती तर नावांची यादी छापून आली असती, इथे नावंच नव्हती बहुतेकांना. पुढे नोव्हेंबर 2024 मधे झाशीला तशीच आग लागली तेव्हाही आपल्याला आकडाच कळला.

दुधाचं कुणी बोलतच नाही. बाळ नसलं म्हणून दूध यायचं थांबत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते येतंच, छाती दगडासारखी होते, ताप येतो, आणि घरात पुरुषमाणसं बसलेली, सांगणार कुणाला. डिस्चार्जच्या कागदावर टाक्यांची काळजी लिहिलेली असते, लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या असतात, ह्याच्याबद्दल बऱ्याचदा एक ओळ नसते. दूध आटायची गोळी असते, शेकायचं की थंड ठेवायचं, किती पिळून काढायचं हे पाच मिनिटांत सांगता येतं. मुंबईत सायन हॉस्पिटलला 1989 पासून मातृदुग्ध पेढी आहे, आता इतर शहरांतही आहेत, एखाद्या आईला वाटेल आपलं दूध दुसऱ्या कमी दिवसांच्या बाळाला जावं, एखादीला तो विचारही नकोसा होईल. पण तिला विचारायला तर पाहिजे कुणीतरी.

गंमत म्हणजे, गंमत कसली, पण एक जण आहे जो विचारतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणवाली बाई. ती घरी येते तेव्हा तिच्या प्रश्नावलीत असतं की तुमची जन्मलेली सगळी मुलं सांगा, आत्ता आहेत ती आणि नाहीत ती, पहिल्यापासून, नावासकट. आणि बाईने एकही गेलं नाही म्हटलं तरी पुढे खोदून विचारायचं असतं, जन्मल्यावर रडलं किंवा थोडी हालचाल केली पण जगलं नाही असं एखादं? ह्या प्रश्नांच्या उत्तरांवरून 2019-21 च्या फेरीत देशाचा नवजात मृत्यू दर हजारामागे 24.9 असा निघाला. आपण जो आकडा भाषणात वापरतो तो असा तयार होतो, अनोळखी बाईसमोर दुसरी बाई आपल्या गेलेल्या बाळाचा उल्लेख करते, बहुतेक वेळा वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच. सासरी माहेरी कुणी विचारलं नाही ते सरकारच्या माणसाने विचारलं, तेही दर काढायला.

हे जर सर्वेक्षणात विचारता येतं तर जन्म-मृत्यू नोंदणीत का नाही ह्याचा विचार करा. कायदा 1969 चा आहे आणि तो चांगला आहे. बाळ जिवंत जन्मलं आणि अर्ध्या तासाने गेलं तरी त्याच्या दोन नोंदी व्हायला हव्यात, एक जन्माची, एक मृत्यूची. मृत जन्मलेल्या बाळाचीही वेगळी नोंद होते. जन्माची नोंद नावाशिवाय झाली असेल तर नंतर नाव घालता येतं, बारा महिन्यांत फुकट, त्यानंतर फी भरून, आणि ते बाळ हयात असलं पाहिजे अशी अट त्या कलमात लिहिलेली नाही. हे किती आईबापांना सांगितलं जातं? दवाखाना नोंद पाठवून मोकळा होतो, दाखले आणायला कुणी जात नाही, कारण त्या दाखल्याचं करायचं काय, शाळेत घालायचंय का. पण कागदाचा उपयोग फक्त अ‍ॅडमिशनसाठी असतो का हो? आपण पणजोबांच्या नावाचा सातबारा लॅमिनेट करून ठेवतो. इंग्लंडमधे फेब्रुवारी 2024 पासून 24 आठवड्यांच्या आत गर्भ गेला तरी आईवडिलांनी मागितलं तर सरकार सर्टिफिकेट देतं. त्याचा कायदेशीर उपयोग शून्य, तरी लोक मागतात. आपल्याकडे नवा कायदा नको, नवीन फॉर्मही नको, नगरपालिकेच्या खिडकीवरच्या माणसाने एवढंच म्हणायचं आहे की नाव ठेवायचं असेल तर लिहून द्या, नसेल तर राहू दे.

काही घरांनी नाव मनात ठेवलेलंच असतं, डोहाळजेवणाच्या आधीपासून. ते नाव पुढच्या बाळाला द्यायचं नाही असा एक अलिखित नियम पण पाळतात. म्हणजे नाव कुणाचं तरी झालेलं असतं, फक्त उच्चारायचं नसतं.

नोकरीचं बघितलं तर सरकारने इथे एक शहाणपणाचं पाऊल टाकलंय ते सांगितलं पाहिजे. सप्टेंबर 2022 मधे केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी आदेश निघाला, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यापासून 28 दिवसांत गेलं तर 60 दिवसांची खास रजा. दोनपेक्षा कमी मुलं हयात असली पाहिजेत, मान्यताप्राप्त दवाखान्यात डिलिव्हरी झालेली असली पाहिजे अशा अटी आहेत, त्यातली पहिली मला कळलीच नाही, दोन मुलं असली की तिसऱ्याचं दुःख साप्ताहिक सुट्टीत उरकायचं का? पण सुरुवात आहे. खासगीत बघा, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल ह्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही धरलेलं होतं, म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या कायद्याला जे कळलं होतं ते आजच्या एचआरला सांगावं लागतं, "मॅडम, तुमची सिच्युएशन बदललीये तर तुम्ही लवकर जॉइन करू शकाल का" असा मेल माझ्या ओळखीतल्या एका मुलीला आलाय, पोटावरचे टाके ओले असताना. आणि बाप? खासगी नोकरीत बापाला रजा द्या असा आपल्याकडे कायदाच नाही. ज्याने ते दोन वितांचं गाठोडं स्वतःच्या हातांवर नेलं, तिरडी नाही, खांदेकरी नाहीत, तो सोमवारी ऑफिसला असतो आणि सगळे त्याला विचारतात, वहिनी कशा आहेत आता. त्याचं कसं आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही. ब्रिटनमधे 2020 पासून अशा आई आणि बाप दोघांना दोन आठवडे रजा मिळते. फार नाही, पण दोघांना.

आता ह्यावर आक्षेप येणार आणि तो पोकळ नाहीये. आठवत बसलं की माणूस त्यातून बाहेर येत नाही, म्हणूनच मोठी माणसं सांगतात विसर. 2002 साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता, ज्या आयांनी आपलं मृत जन्मलेलं बाळ बघितलं, हातात घेतलं त्यांना पुढच्या गरोदरपणात नैराश्य जास्त दिसलं, न बघितलेल्यांना कमी. नंतरच्या अभ्यासांमधे उलटही निघालं, म्हणजे विज्ञानाने ह्याचा एकच निकाल दिलेला नाही. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जबरदस्ती दोन्हीकडून नको. बघच, धरच, फोटो काढच असं नर्सने म्हणायचं नाही, आणि बघू नको, तुला झेपणार नाही असं सासऱ्यांनी ठरवायचं नाही. तिला विचारा. आत्ता नाही म्हणाली तर तासाभराने परत विचारा, फोटो काढून पाकिटात बंद करून ठेवा, मागेल तेव्हा द्या, दहा वर्षांनी मागेल किंवा कधीच मागणार नाही. ज्या बाईला खरंच विसरायचंय, जी म्हणते मला ह्या विषयावर बोलायचं नाही, तिला तसं राहू द्यायचं. माझं भांडण विसरण्याशी नाही, दुसऱ्यांनी तिच्या वतीने विसरण्याशी आहे.

दुसरी भीती धंद्याची, आणि ती मला स्वतःलाही आहे. जपानमधे न जन्मलेल्या आणि लवकर गेलेल्या बाळांसाठी मिझुको कुयो नावाचा विधी करतात, देवळांच्या आवारात जिझो ह्या बाळांना सांभाळणाऱ्या देवाच्या बुटक्या दगडी मूर्ती असतात, त्यांना लाल टोपडी आणि लाळेरी घालतात, खेळणी ठेवतात. 1970 नंतर ह्याचं प्रस्थ वाढलं तसं काही ठिकाणी बाळाचा आत्मा त्रास देईल अशी भीती घालून पैसे काढणंही सुरू झालं. आपल्याकडे तर ते दुकान आधीपासूनच उघडं आहे. बाळ गेलं की महिन्याभरात कुणीतरी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा म्हणतं, म्हणजे बघा हं, ज्या बाळाचं नाव घ्यायचं नाही त्याचा विषय निघतो, पण दोष म्हणून निघतो, कुणाचा शाप आहे, ग्रहणात बाहेर पडली होती का, पोटुशी असताना काय चिरलं. बहुतेक नवजात बाळं कमी दिवसांची असल्याने, जन्मताना गुदमरल्याने किंवा जंतुसंसर्गाने जातात, हे डॉक्टरने आईला बसवून, घरच्यांसमोर, मोठ्याने सांगायला हवं, "तुझं काही चुकलेलं नाही" ह्या शब्दांत. नाहीतर ती जागा कुणीतरी गुरुजी भरतातच. बाळाची साधी आठवण काढायला मोकळीक असती तर शांत करायला एवढे पैसे लागले नसते असं मला वाटतं, पण ते असो.

आणि आठवण ठेवल्याने काय होतं ह्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावोगावच्या बाळांचे जन्म आणि मृत्यू एकेक करून लिहायला सुरुवात केली, कुठलं बाळ कितव्या दिवशी कशाने गेलं. सरकारदरबारी ज्यांची नोंदच नसायची अशी बाळं. आई आणि घरचे काय झालं होतं ते आठवून सांगतात, ते लिहून घ्यायचं, त्यावरून कारण शोधायचं. त्यातून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची पद्धत निघाली, गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं, 39 गावांत करून बघितलं, आणि 1999 साली लॅन्सेटमधे जे छापून आलं ते असं की तिसऱ्या वर्षी ह्या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. कुणीतरी आईसमोर बसून विचारलं, तिने आठवून सांगितलं, म्हणून पुढची वाचली. विषय काढू नका म्हणणाऱ्या घरांनी दार लावलं असतं तर हे झालंच नसतं.

तीच पद्धत 2011 पासून आशाताईंच्या मार्फत देशभर गेली. बाळ घरी आलं की आशा बेचाळीस दिवसांत ठरलेल्या तारखांना सहा भेटी देते, घरी डिलिव्हरी असेल तर सात, वजन करते, ताप बघते, आईला विचारते, आणि त्याचे तिला 250 रुपये मिळतात. पण योजना आली तेव्हाच्या सूचनांमधे त्या पैशांना अटी होत्या, लसी झालेल्या असाव्यात, जन्माची नोंद झालेली असावी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघे सुखरूप असावेत. बाळ वाचावं म्हणून अट घातली हे कळतं. पण ज्या घरात बाळ पाचव्या दिवशी गेलं तिथे सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी कुणी कशाला जाईल? तिथे बाई बाळंतीणच आहे अजून, अंगावरून जातंय, दूध येतंय, टाके आहेत, झोप नाही, आणि सगळे नातेवाईक सांत्वन करून आपापल्या घरी गेलेत. गावात तिच्याकडे जायला अधिकृत कारण असलेली एकमेव बाई म्हणजे आशा, आणि तिचं कारणच काढून घेतलंय. मृत्यूची चौकशी करायला 2014 पासून एक फॉर्म आहे, तो भरायला माणूस येतो, फॉर्म भरला की जातो. मला वाटतं उरलेल्या सगळ्या भेटी तशाच राहाव्यात, त्याच तारखांना, बाळाच्या वजनाच्या रकान्यावर रेघ मारून आईच्या तब्येतीचा रकाना भरायचा, आणि ती बोलली तर ऐकायचं. खर्च 250 रुपये आहे, आणि बाळ जगेल ह्या हिशोबाने तो आधीच धरलेला असतो.